पद्मिनीच्या टायरांसाठी नाना पेठेतील दुकान

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे मूळ ५.२०-१४ मापाचे नायलॉन टायर काढून रेडियल, म्हणजे नव्या बांधणीचे टायर, बसवायचे म्हटल्यावर दुकानदारांनी आधी टेप काढली, याचे मला कौतुक वाटले. १५५/८० आर १४ या मापात (रुंदी १५५ मिलिमीटर, रिम १४ इंची) बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर, असल्याने एकूण व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर होतो आणि तो मूळ टायरच्या जवळपास राहिल्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. जुन्या रिममध्ये ट्यूबचाच आग्रह त्यांनी धरला. तो योग्यच आहे. पुढचे एक चाक चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ते मडगार्डला घासत नसल्याची खात्री झाल्यावरच बाकीची बसवली. बॅलन्सिंगचा दर मात्र चढा आहे.