ॲपल आणि गुगलच्या डिझाइन मार्गदर्शिका: नॅव्हिगेशनपुरतं परीक्षण

कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठी मी ॲप डिझाइन करते. वापरणारे म्हणजे सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारे शेतकरी, त्यांच्या घरातल्या बायका आणि संकलन केंद्रावरचे सचिव. त्यांना बघायचं असतं ते ठरलेलं: आज किती लिटर गेलं, फॅट किती लागली, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) किती, दहा दिवसांचं बिल किती झालं आणि त्यातून पशुखाद्याचे किती कापले. या कामात दोन मार्गदर्शिका माझ्या संगणकावर कायम उघड्या असतात. एक ॲपलची ‘ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्स’, जिला सगळे एचआयजी म्हणतात, आणि दुसरी गुगलची ‘मटेरियल डिझाइन’. दोन्ही वेबवर मोफत आहेत. रंग, फॉन्ट, आयकॉन यांवर त्यांत पुष्कळ मजकूर आहे, पण मी लिहिणार आहे ते नॅव्हिगेशनबद्दल, म्हणजे ॲपमध्ये एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्या-येण्याबद्दल. माझ्या मते दोन्हींचं खरं मोल तिथे आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त ‘मागे जाणं’ या एका गोष्टीत.

एका संस्थेच्या ॲपची चाचणी गावात चालू होती. एका मावशींनी बिल उघडलं, कपातीचा तपशील नीट वाचला आणि फोन माझ्यापुढे धरून विचारलं, “ताई, आता माघारी कसं यायचं?” त्या संस्थेला आपलं वेगळं ‘मागे’ बटण उजव्या कोपऱ्यात खाली हवं होतं आणि त्यासाठी फोनची नेहमीची मागे जाण्याची सोय त्या पडद्यावर अडवून ठेवली होती. मावशींना व्हॉट्सॲपमधून मागे येता येत होतं, यूट्यूबमधून येता येत होतं. आमच्या ॲपमध्ये मात्र त्यांची रोजची सवय निरुपयोगी ठरली. एवढ्यावरून संस्थेला पटवता आलं, कारण मग गुगलचं पान उघडून दाखवता आलं.

ते पान म्हणजे अँड्रॉइडच्या विकासकांसाठीच्या (ॲप तयार करणाऱ्या प्रोग्रामरांसाठीच्या) संकेतस्थळावरचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ नॅव्हिगेशन’. या विषयावर मी वाचलेलं ते सगळ्यात चांगलं पान आहे. मजकूर थोडा, नियम मोजके, आणि प्रत्येक नियमामागचं कारण समजतं. ॲपचा सुरुवातीचा पडदा ठरलेला असावा आणि मागे-मागे येत बाहेर पडताना शेवटी तोच दिसावा. वरच्या पट्टीतला बाण आणि फोनचं ‘मागे’ यांनी ॲपच्या आत सारखंच वागावं, पण वरच्या बाणाने माणूस कधीही ॲपबाहेर फेकला जाऊ नये. सूचनेवरून किंवा दुव्यावरून थेट आतल्या पडद्यावर आलेल्या माणसालाही, तो स्वतः चालत तिथवर आला असता तर ज्या वाटेने परतला असता, तीच वाट मिळावी. हा शेवटचा नियम आमच्या कामाचा. ‘तुमचं बिल तयार आहे’ या सूचनेवर बोट ठेवलं की बिल उघडतं, आणि तिथून वरचा बाण दाबला की बिलांची यादी व मग पहिला पडदा यायला हवा. बरीच ॲप्स या ठिकाणी माणसाला एकदम बाहेर काढतात.

अँड्रॉइडने या बाबतीत पुढे आणखी काम केलं. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही कडेवरून बोट आत ओढलं की मागे जाता येतं. २०२२च्या अँड्रॉइड १३ मध्ये विकासकांना ‘प्रेडिक्टिव्ह बॅक’ची चाचणी घेता येऊ लागली: बोट उचलण्याआधीच मागचा पडदा डोकावतो, आणि नको असेल तर बोट परत कडेला नेता येतं. यासाठी मागे गेल्यावर काय होणार हे प्रणालीला आधीच माहीत असावं लागतं. जे ॲप ऐन वेळी ‘मागे’ अडवून स्वतःचं काहीतरी करतं, त्याला ही सोय नीट देता येत नाही. नियम पाळणाऱ्यांना नवी सोय कमी कष्टात मिळते, हे सांगून मी कितीतरी बैठका जिंकल्या आहेत.

आयफोनची रीत निराळी. त्यावर फोनचं स्वतंत्र ‘मागे’ बटण नाही. वरच्या पट्टीत डावीकडे बाण असतो, आणि २०१३च्या आयओएस ७ पासून डाव्या कडेवरून बोट ओढून मागे येता येतं. पट्टी स्वतःच्या हौसेने नव्याने रंगवली, मूळ बाण लपवला, की हे बोट ओढणं बहुतेक वेळा बंद पडतं. आमच्याकडे घरच्या दुधाचं बिल पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलंही बघतात आणि त्यांतल्या काहींच्या हातात आयफोन असतो. म्हणून दोन्हींकडे हुबेहूब एकच आराखडा मी देत नाही. पडद्यांचा क्रम आणि नावं एक, मागे जाण्याची रीत ज्या-त्या फोनची.

खालच्या टॅबच्या पट्टीबद्दल एचआयजी जास्त ठाम आहे आणि मला ते आवडतं. टॅब बार एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी, कृती करण्यासाठी नाही. त्यामुळे पशुखाद्याची मागणी नोंदवण्याचं बटण आम्ही खालच्या पट्टीत न ठेवता ‘पशुखाद्य’ या टॅबच्या आत ठेवलं. आणखी एक सूचना अशी की टॅबमध्ये दाखवायला काही नसलं तरी तो लपवू नका, निष्क्रिय करू नका, रिकामा का आहे ते सांगा. आमच्या ‘बिल’ टॅबवर बिल झालेलं नसतं तेव्हा ‘या दहा दिवसांचं बिल अजून तयार झालेलं नाही’ असं वाक्य येतं. ते वाक्य आल्यापासून सचिवांना त्याबद्दल येणारे फोन कमी झाले. आयफोनवर पाचाहून जास्त टॅब टाकले की उरलेले ‘मोअर’मध्ये जातात, आणि मटेरियल तीन ते पाच म्हणतं. आमचे चार आहेत: आजचं दूध, बिल, पशुखाद्य, सूचना.

बोटाने दाबायच्या जागेबद्दल फार सांगायला नको. ॲपल ४४ बाय ४४ पॉइंट म्हणतं, गुगल ४८ बाय ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापं), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. धार काढून आलेल्या ओल्या बोटांसाठी मी यापेक्षा मोठीच जागा ठेवते.

मटेरियलचा कमकुवत भाग म्हणजे त्याची बदलती मतं. २०१४ मध्ये आलं तेव्हा डावीकडून सरकत येणारा मेनू, म्हणजे ड्रॉवर, तीन आडव्या रेघांच्या बटणाचा, सगळीकडे मिरवला जात होता. खालची पट्टी मार्गदर्शिकेत आली २०१६ मध्ये. कडेवरून मागे जाण्याची सोय आल्यावर ड्रॉवर उघडायला ओढलेलं बोट आणि मागे जायला ओढलेलं बोट एकाच कडेवर भिडू लागलं. २०२५च्या ‘एक्स्प्रेसिव्ह’ आवृत्तीत तर ड्रॉवरची शिफारसच काढून टाकली. बदल योग्यच आहे, ड्रॉवरमध्ये ठेवलेलं आमच्या वापरकर्त्यांना कधीच सापडत नाही. पण जुनी पीडीएफ घेऊन काम करणारे चमू अजून भेटतात. शिवाय दिसण्याचे नियम मटेरियलच्या संकेतस्थळावर आणि वागण्याचे अँड्रॉइडच्या, त्यामुळे नवख्याला दुसरं पान आहे हेच कळत नाही. एचआयजी एका जागी आहे, २०२२ मध्ये सगळ्या उपकरणांसाठी एकत्र बांधली गेली, पण आकडे कमी आणि तत्त्वं जास्त असल्याने विकासकाच्या हाती नुसती देऊन भागत नाही.

दोन्हींकडून माझी खरी अपेक्षा अपुरी राहते ती देवनागरीबाबत. मटेरियलच्या जुन्या आवृत्तीत हिंदीसारख्या भाषांना उंच लिपी मानून ओळीची उंची वाढवायला सांगितलं होतं, ते बरोबर होतं. पण टॅबखालच्या छोट्या लेबलाचं काय? ‘पशुखाद्य’ लिहिलं की खालचा उकार आणि ‘द्य’ कापला जातो, ‘सर्व’वरचा रफार वरच्या आयकॉनला टेकतो. सेटिंगमधून अक्षर मोठं केलं की, आणि आमचे निम्मे वापरकर्ते ते करतात, गोंधळ आणखी वाढतो. मार्गदर्शिकांमधली चित्रं बहुतेक इंग्रजी लेबलांची आहेत, आणि इंग्रजी लेबल लहान असतं, त्याला वर-खाली काही लागत नाही. मराठीत या मार्गदर्शिका नाहीत. देवनागरी लेबलांच्या टॅब पट्टीचं एक चित्र जरी दोघांनी दिलं, तरी इथल्या डिझायनरांचा बराच वेळ वाचेल. तोवर मी लेबलाची ओळ स्वतः मोजून वाढवते आणि शब्द आखूड शोधते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी अँड्रॉइडचं नॅव्हिगेशनच्या तत्त्वांचं पान वाचावं, मग एचआयजीमधलं टॅब बारचं, आणि मटेरियलचं नॅव्हिगेशन बारचं पान शेवटी, आकडे घेण्यासाठी. फिग्मासाठी, म्हणजे पडदे आखायच्या सॉफ्टवेअरसाठी, बटणं-पट्ट्यांचे तयार संच दोघांकडेही मोफत मिळतात. ते उतरवून घ्या आणि पहिल्याच दिवशी त्यातली इंग्रजी लेबलं काढून मराठी टाका, अक्षर सगळ्यात मोठं करा आणि स्वस्तातल्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघा.