बंदुकीच्या जुन्या शिशाच्या गोळ्या मोजायला प्लॅस्टिकचा डिजिटल कॅलिपर: वर्षभराचा अनुभव

आधी मी स्टीलचा कॅलिपर (वस्तू दोन जबड्यांत धरून तिची जाडी मोजायचं साधन) वापरायचे. एका गोल गोळीवर त्याचे जबडे जरा घट्ट बसले आणि पांढरट थर खरवडला जाऊन खालचं चकचकीत शिसं उघडं पडलं. मातीत पडून पडून शिशावर धरलेला तो थर एकदा गेला की गेलाच. ती गोळी हातात घेतली की अजूनही पहिल्यांदा तो ओरखडाच दिसतो. म्हणून हा घेतला.

स्टीलचा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, हा फक्त दहावा. घेताना तीच धाकधूक होती, पण शिशाला एवढं पुरतं. १८५३ च्या एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलची सुरुवातीची गोळी .५६८ इंच व्यासाची, म्हणजे साधारण १४.४ मिमी. पुढे ती .५५० इंचावर, १४ मिमीच्या आसपास आणली. न झाडलेल्या गोळीत हा फरक याच्यावर स्वच्छ दिसतो. झाडलेली गोळी मात्र मागून फुगलेली असते, तिथे मापापेक्षा अंगावर उमटलेले नळीचे आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे ठसे, मोजावेत. तीन असतील तर मी आधी एन्फिल्डचा विचार करते, सात असतील तर १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलचा. आणि लक्षात ठेवा, यातून गोळी "अमुक सालच्या आधीची नाही" एवढंच कळतं. बंदुका पुढे कितीतरी वर्षं वापरात राहतात.

बुडाच्या पोकळीची खोली मोजायची मागची पट्टी ही याची सगळ्यात कमजोर बाजू. ती वाकते, आणि पोकळीत माती असेल तर आकडा दर वेळी वेगळा. मी सरळ लाकडी काडी आत टेकवते, कडेशी नखाने धरते आणि काडी मोजते.

आपटून चपटी झालेली गोळी असेल तर कुठलाच कॅलिपर कामाचा नाही. तिथे ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा हवा. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. वजन ३१.८ ग्रॅम भरलं तर मूळ गोळा १७.५ मिमी व्यासाचा निघतो, म्हणजे ब्राउन बेससारख्या १९ मिमी नळीच्या मस्केटचा, म्हणजे आटे नसलेल्या जुन्या ब्रिटिश बंदुकीचा (गोळी नळीत सैलच बसायची). मला हे गणित पहिल्यांदा जमलं तेव्हा त्या बेढब तुकड्यातून गोल गोळी डोळ्यांसमोर उभी राहिली! हा काटा कॅलिपरच्या जोडीला घ्याच.

धातूच्या वेष्टनाच्या नव्या गोळ्यांना हा घेऊ नका. .३०३ या रायफलच्या काडतुसाची गोळी ७.९ मिमी आणि ७.६२ नाटो काडतुसाची ७.८, एवढ्या बारीक फरकावर याचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी स्टीलचाच बरा, वेष्टन कडक असल्याने हलक्या हाताने धरलं तर ओरखड्याची भीती कमी.

पुंगळीसकट न झाडलेलं काडतूस मिळालं तर मोजायला जाऊच नका. हात न लावता पोलिसांना कळवा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

बंद केला तरी सेल हळूहळू उतरतोच, म्हणून मी तो काढून ठेवते. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या मागच्या पट्टीसाठी.