अकरा महिने जर्मनीच्या विद्यार्थी पासवर: पास सोन्यासारखा, पण फोनमध्ये अडकलेला

सात युरो गेले. रक्कम मोठी नाही, पण ज्या कारणाने गेले ते अजून मनातून जात नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या आठवड्यात कोलोनहून डॉर्टमुंडला रात्रीच्या रीजनल गाडीने परत येत होतो. फोन चार टक्क्यांवर होता आणि डब्यात सॉकेट नव्हतं. डुइसबुर्ग सोडल्यावर तपासनीस बाई आल्या. मी पास उघडला, पांढऱ्या स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं, आणि बारकोड दिसायच्या आत फोन बंद पडला. निवास परवान्याचं कार्ड दाखवलं, विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कार्डावरून नाव-पत्ता उतरवला आणि ६० युरोंची पावती हातात ठेवली. फुकट प्रवास करताना सापडलेल्याला देतात तीच. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेला मी, आणि सगळ्या डब्यादेखत विनातिकीट ठरलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्या तारखेला पास आपल्या नावावर चालू होता हे मुदतीत दाखवलं, तर ६० चे ७ होतात. स्टेशनवरच्या केंद्रात पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि सात भरून सुटलो. ज्यांच्या हातात अशी पावती पडेल त्यांनी घाबरून लगेच साठ भरू नयेत, एवढ्यासाठी हे इतकं लिहिलं.

आता पासाबद्दल. डॉइचलांडटिकेट म्हणजे देशभरच्या लोकल-रीजनल गाड्या, ट्राम आणि बसचा मासिक पास, विद्यार्थ्यांना तो मूळ दराच्या ६० टक्क्यांत मिळतो. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलो तेव्हा महिना २९.४० युरो, म्हणजे सत्राचे १७६.४०, आणि तेही सत्राच्या शुल्कातच कापलेले. मला फार राग आला होता. खोलीपासून वर्गापर्यंत मी चालत जातो, मग हे कशाला? जानेवारीत मूळ तिकीट ४९ चं ५८ झालं आणि उन्हाळी सत्राला आमचे २०८.८० कापले गेले. तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हा पास म्हणजे सक्तीची वसुली आहे.

ते बोलणं मी मागे घेतो. दोन्ही सत्रं मिळून ३८५.२० युरो होतात. उन्हाळी सत्राच्या दरानेही दिवसाला सव्वा युरो पडला नाही, आणि तेवढ्यात मी अर्धा देश पाहिला. कॅम्पसवरच्या हा-बानपासून सुरुवात केली. रुळाखाली लटकत जाणारी ही विनाचालक गाडी १९८४ पासून धावते आहे. मग वुपरटालची श्वेबेबान, १९०१ ची, नदीच्या पात्रावरून लटकत जाते. एका रविवारी तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बसलो, कारण वेगळा पैसा लागत नव्हता. हॅम्बुर्गलाही याच पासावर गेलो: म्युन्स्टर, ओस्नाब्र्यूक, ब्रेमेन असं गाड्या बदलत. इंटरसिटीने जे तीन तासांत होतं त्याला सहा लागले. जेवणाचा डबा बरोबर होता, खिडकीची जागा होती, मला चाललं.

फक्त पाटीवर आरई, आरबी (दोन्ही रीजनल गाड्या) किंवा एस (उपनगरी लोकल) लिहिलंय ना, ते चढण्याआधी बघा. आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत हा पास सहसा चालत नाही. आपली गाडी उशिरा आली म्हणून वेगवान गाडीत बसावं आणि मग पैसे परत मागावेत, अशी सोय देशभरच्या नियमानुसार साध्या तिकिटावर आहे, या पासावर नाही. तासाभराच्या उशिराची भरपाई दीड युरो, आणि चार युरो साठल्याशिवाय देत नाहीत. म्हणजे तीनदा रखडल्यावर साडेचार युरो. मी अर्ज केला आणि मिळाले. हक्काचे आहेत, सोडू नका.

जानेवारीत बर्फ बघायला विंटरबर्गला निघालो होतो. आरई ५७ ही गाडी बेस्टविगला दुभंगते, एक भाग विंटरबर्गला जातो, दुसरा ब्रिलोनला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्या आजींनी माझ्या बुटांकडे पाहिलं, "विंटरबर्ग?" असं विचारलं आणि मान हलवून फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. मी पळत पुढच्या डब्यात चढलो आणि दारं मिटली. तेव्हापासून डब्यातल्या पडद्यावर त्या डब्याचं गाव कुठलं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय बसत नाही.

पण मी पुन्हा फोनवरच येतो, कारण माझ्या मते या पासातला खरा दोष तोच आहे. स्क्रीनशॉट चालत नाही. मला पास मिळाला तो फोनवरच, आणि थंडीत जुन्या फोनची बॅटरी वीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते. सर्वसाधारण ग्राहकाला बऱ्याच परिवहन संस्था चिपकार्ड देतात. मग आम्हाला का नाही? ज्याच्याकडे नवा फोन घ्यायला पैसे नाहीत, त्यालाच या पासाची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि पावतीही त्याच्याच हातात पडते. आता १९ युरोंची पॉवर बँक घेतली आहे आणि ती दाराशी ठेवलेल्या बुटात टाकून ठेवतो, म्हणजे विसरायची सोयच नाही. १९ आणि ७ मिळून २६ युरो. एका प्लास्टिकच्या कार्डाला एवढा खर्च नक्कीच आला नसता.

विद्यार्थी परिषदेला मेल लिहिला आहे: मागेल त्याला कार्ड द्या, हवं तर त्याचे पाच युरो घ्या. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.