बेळगावला समुद्रकाठी नेऊन ठेवणारा बॅरोमीटर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रेडिओथेरपीत, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करण्याच्या कामात असणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यामुळे डोस मोजणारं फार्मर चेंबर, त्यातला चार्ज वाचणारा इलेक्ट्रोमीटर, ते बुडवायची पाण्याची टाकी (वॉटर फँटम) यांची जास्त ओळख करून देत बसत नाही. ती लाखांची उपकरणं बिनतक्रार चाललीत. तक्रार आहे ती डोसच्या हिशोबात धरायचा हवेचा दाब मोजणाऱ्या साडेचार हजारांच्या डिजिटल बॅरोमीटरची.

आधी भिंतीवर जुना अॅनेरॉइड, म्हणजे काट्याचा बॅरोमीटर होता. वाचण्याआधी काचेवर टिचकी मारायची, मग काटा थरथरत कुठंतरी थांबायचा आणि दोघांनी वाचलं की दोन आकडे यायचे. सर्टिफिकेटसह चांगलं यंत्र मागितलं, तर कोटेशन बघून खरेदी विभागाने फाईल बाजूला ठेवली. खरं सांगायचं तर ते कोटेशन बघून मलाही घाम फुटला होता. शेवटी मे महिन्यात हा घेतला. आकडे ठळक, आत तापमान, आर्द्रता सगळं. आमचा पावसाळा तुम्हाला माहीत आहेच, खानापूरकडून ढग आले की आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या खाली येत नाही. चेंबरच्या केबलच्या टोकाला करंटचं लीकेज नको म्हणून आम्ही सिलिका जेलच्या पुड्या सांभाळत बसतो. ह्या बॅरोमीटरच्या डबीला मात्र काही झालं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

दिवाळीनंतर सेल संपले. नवीन घातले आणि त्याच आठवड्याच्या मापात उपचाराच्या मशीनच्या 6 एमव्ही एनर्जीच्या क्ष-किरणांचं आउटपुट, म्हणजे मिळणारा डोस, साडेआठ टक्के खाली! 15 एमव्ही तेवढंच खाली, इलेक्ट्रॉनचे किरणसुद्धा तेवढेच. मशीन बिघडलं तर सहसा सगळ्या एनर्जी अशा एका मापाने खाली येत नाहीत. शिवाय सकाळच्या तपासणीचं वेगळं यंत्र, जे दाब स्वतःच मोजतं, सगळं ठीक म्हणत होतं. डबीकडे बघितलं तर दाब 1010 हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक).

बेळगावात 1010 कुठून येणार? आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर. इथला खरा दाब 925 हेक्टोपास्कलच्या आसपास. डबीत दोन मोड आहेत: एक जागेवरचा खरा दाब, दुसरा हवामान खात्यासारखा समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला. सेल काढले की डबी मुकाट्याने दुसऱ्या मोडवर जाते. पडद्यावर त्याची खूण काय, तर कोपऱ्यात तिळाएवढी अक्षरं. चष्मा लावूनही दिसत नाहीत.

घरात लावायला घेतली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आमचं चेंबर मात्र हवेला उघडं असतं. दाब कमी म्हणजे आतली हवा विरळ, म्हणून जमा होणारा चार्जही कमी. ती तूट चेंबरच्या आकड्याला टीपी (तापमान-दाब) फॅक्टरने गुणून भरून काढायची. चेंबरचं कॅलिब्रेशन 20 अंश आणि 1013.25 हेक्टोपास्कलसाठी असतं. पाणी 24 अंशांवर आणि दाब 925 धरला तर फॅक्टर 1.110. डबीचा 1010 धरला तर 1.017. म्हणजे मशीन बरोबर डोस देत असताना आपल्याला कमी दिसतो. हा आकडा खरा मानून कुणी मशीन वर चढवलं असतं, तर 2 ग्रे (डोसचं एकक) लिहिलेल्या पेशंटला रोज 2.18 ग्रे गेले असते. रोजच्या तपासणीत आम्ही 3 टक्क्यांच्या फरकावर थांबतो आणि पेशंटपर्यंतचा सगळा हिशोब 5 टक्क्यांत बसावा असं आयसीआरयू ह्या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1976 सालीच सांगून ठेवलंय. इथे एका पेन्सिल सेलने दोन्ही ओलांडले. चंदगड, गडहिंग्लजपासून पहाटेची एसटी धरून माणसं येतात, ती काही तिळाएवढी अक्षरं वाचायला येत नाहीत.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, ‘‘साहेब, यंत्रात कायबी बिघाड नाही. माझ्या मोबाईलवर पण बेळगाव 1010च दाखवतंय बघा.’’ त्याला सांगितलं की मोबाईलमधला हवामानाचा आकडा समुद्रसपाटीचाच असतो. तो म्हणाला, ‘‘खरं मग दोन्ही जुळतंय की!’’ आता ह्यावर काय बोलणार? बदलून देणार नाही, पैसे परत नाहीत, वॉरंटीत ‘सेटिंग’ बसत नाही. पुढचे दोन आठवडे माझं बीपी त्याच्यामुळेच वर होतं.

रागातच एक तारा देऊन मोकळा होणार होतो. त्याआधी म्हटलं, सेन्सर तरी कसा आहे बघू. ओळखीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा फोर्टिन बॅरोमीटर आहे. डबी खऱ्या मोडवर टाकून त्याच्या शेजारी ठेवली. पाऱ्याचं वाचन तापमान आणि इथल्या गुरुत्वाकर्षणासाठी दुरुस्त केल्यावर फरक 1 हेक्टोपास्कलहून कमी, म्हणजे डोसमध्ये 0.1 टक्का. ह्या किमतीत ही अपेक्षाच नव्हती. ज्यांच्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे त्यांनी तोही बघावा (हवामानाचं ॲप नव्हे, आतला सेन्सर). माझा फोनही तोच आकडा सांगत होता.

मग आमच्याकडे शिकायला आलेल्या खानापूरच्या पोरीने विषयच संपवला. पहिल्यांदा चालू करताना डबी उंची विचारते, तेव्हा आम्ही इमानेइतबारे 750 घातली होती. दुसरा मोड तीच धरून दाब वाढवून दाखवतो. ती म्हणाली, ‘‘सर, उंचीच शून्य घालू की. मग कुठल्या पण मोडला जाऊ दे.’’ घातली. उंची मेमरीत राहते, सेल बदलले तरी पुसत नाही. दोन्ही मोडला आता 925 च्या आसपासचाच आकडा येतो. तरी प्रत्येक सेल बदलल्यावर फोनशी ताडून रजिस्टरला सही करायची, असा नियम केलाय.

बाकी दोष किरकोळ. तापमानाचा सेन्सर डबीतच असल्याने पाण्यात बुडवता येत नाही. चेंबर पाण्यात आणि तापमान टेबलावरचं, हे चालत नाही, कारण 3 अंशांची चूक म्हणजे 1 टक्का. त्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवाच. अंधारात पडदा दिसत नाही.

तीन तारे. कोकणात किंवा गोव्यात असाल तर बिनधास्त घ्या, तिथे दोन्ही मोड जवळपास सारखेच. घाटावर असाल तर घ्या, पण आधी उंची शून्य करा. आणि डीलरला फोन करू नका.