घर झकास, चाकं कच्ची: २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलरचा वापरानंतरचा अनुभव

शिकागोजवळच्या एका डीलरकडून आम्ही हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, नवाकोरा घेतला, त्यावर आता दुसरा उन्हाळा उलटला. पुढे क्वीन बेड, मागे मुलांसाठी बंक, मधे टेबल आणि सोफा. ओढायला हाफ टन पिकअप. डेव्हिल्स लेक, इंडियाना ड्यून्स, स्टार्व्ड रॉक अशा जवळच्या फेऱ्या भरपूर झाल्या. मोठी सहल एकच ठरवली होती: साउथ डकोटा, वायोमिंग, यलोस्टोन आणि शेवटी मोंटानातलं ग्लेशियर. ती वायोमिंगमध्येच आटोपती घ्यावी लागली. त्याचं कारण सविस्तर लिहिते आहे, कारण शोरूममध्ये सेल्समन जे जे दाखवतो त्यात ते कधीच नसतं.

आधी घराबद्दल. घर म्हणून हा ट्रेलर मला मनापासून आवडतो. तीन बर्नरचा गॅस आहे, त्यामुळे कुकर, तवा आणि चहा एकाच वेळी चालतो. वायोमिंगमधल्या बिगहॉर्न डोंगरांत आठ हजार फुटांवर मुक्काम होता. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही. कुकर नेला होता म्हणून निभावलं. वीज ३० अँपची, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आपल्या पद्धतीची भांडी घासली की सांडपाण्याची टाकी फार लवकर भरते, हे हिशेबात धरा. सासूबाईंना दाराच्या पायऱ्या उंच वाटल्या. खाली एक रुंद स्टूल ठेवलं आणि प्रश्न मिटला. गाद्या बदलाव्याच लागतील. बाकी आतलं सामान चांगलं टिकलं आहे.

आता खालचं. ट्रेलरला ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल आहेत आणि ते कमानपाट्यांवर बसवलेले आहेत. पुढच्या आणि मागच्या पाट्याच्या मधे इक्वलायझर नावाचा लोखंडी तुकडा डोलतो आणि एका चाकावरचा धक्का दुसऱ्याला वाटून देतो. पाटे आणि इक्वलायझर जोडणाऱ्या पट्ट्या म्हणजे शॅकल. हे सगळं बोल्टवर फिरतं, आणि बोल्ट ज्या बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या अस्तरात, फिरतो तो आमच्या ट्रेलरला नायलॉनचा होता. नायलॉन झिजला की लोखंडावर लोखंड घासतं, शॅकलची गोल भोकं लंबगोल होतात आणि पट्टी एक दिवस तुटते. आमच्या बाबतीत त्यात वजन जास्त असण्याचा संबंध नव्हता. निघाल्यावर ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करून घेतलं होतं. मर्यादा ७,५०० पौंड, आम्ही ६,९०० च्या आत होतो. टायरांची कमाल मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणून साउथ डकोटात ८० ची परवानगी असूनही आम्ही ६० च्या आसपासच होतो.

बॅडलँड्स, ब्लॅक हिल्स, डेव्हिल्स टॉवर (अमेरिकेचं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक, १९०६ सालचं) छान पार पडलं. बफेलो गावातून यूएस १६ धरला. हा रस्ता पावडर रिव्हर पास ही ९,६६६ फुटांची खिंड चढतो आणि टेन स्लीप कॅनियनमधून खाली येतो. उतार संपत आला तेव्हा टायरच्या मॉनिटरवर डाव्या मागच्या चाकाचं तापमान चढताना दिसलं. हवेचा दाब मात्र ठीक होता, म्हणजे पंक्चर नव्हतं. रुंद जागा बघून थांबलो. शॅकल तुटला होता, इक्वलायझर उलटा फिरला होता, टायर वरच्या पत्र्याला घासत होता आणि त्या बाजूच्या इलेक्ट्रिक ब्रेकची वायर तुटून लोंबत होती. चेसीला जिथे पाटा टांगतात त्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगलाही तडा गेला होता.

माझे सासरे साताऱ्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. खोक्याचा पुठ्ठा अंथरून ते खाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "अगं, ह्याला ग्रीस भरायला निपलच नाही! एसटीच्या गाडीचे पाटे असे सुके सोडले असते तर आम्हाला घरी बसवलं असतं." एवढं मोठं घर ज्या मूठभर बोल्टांवर उभं आहे त्यांनाच वंगणाची सोय नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. माझ्याही पडत नाही. छताला रंगीत दिवे आणि बाहेर स्पीकर द्यायला पैसे आहेत, पण पितळी बुश द्यायला नाहीत!

नेहमीच्या कारच्या रोडसाइड मेंबरशिपमध्ये ट्रेलर बहुधा येत नाही, आरव्हीचा (अशा फिरत्या घरांचा) प्लॅन वेगळा घ्यावा लागतो. आमच्याकडे तो होता, म्हणून संध्याकाळी ट्रेलर वरलँड गावी पोचला. बीटाच्या शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपने ब्रॅकेट पुन्हा वेल्ड करून त्याला जाड आधारपट्टी लावली. काम पक्कं झालं, पण पाटे बिलिंग्जहून यायचे होते. तेवढ्यात यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज कॅम्पचं आरक्षण गेलं. अस्वलांमुळे तिथे फक्त टणक भिंतींची वाहनं घेतात आणि उन्हाळ्यातल्या जागा महिनोन् महिने आधी भरतात. कोडी गावात मुक्काम करून आई-बाबांना, म्हणजे सासू-सासऱ्यांना, पिकअपमधून ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा दाखवून आणला. त्यांच्या परतीच्या विमानाची तारीख जवळ आली होती, त्यामुळे ग्लेशियर सोडावंच लागलं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. बाबांनी त्या हिमनद्यांसाठी घरून जाड स्वेटर आणला होता.

वॉरंटीचं म्हणाल तर निर्मात्याने बुश हा 'झिजणारा भाग' आहे असं सांगून हात वर केले. ॲक्सल दुसऱ्या कंपनीचे, टायर तिसऱ्या कंपनीचे, आणि डीलरचं म्हणणं 'ट्रेलर इकडे घेऊन या'. हजार मैलांवरून, तुटलेल्या चाकाने?

घरी आल्यावर सगळे बुश पितळी करून घेतले, शॅकल जाड घातले आणि बोल्ट ग्रीसचे, ज्यांना इथे वेट बोल्ट म्हणतात. सुटे भाग दोनशे डॉलरच्या आत आले, मजुरी वेगळी. चाकं काढल्यामुळे पहिल्या ५० आणि १०० मैलांवर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. आता प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी ग्रीस गन चालवतो. त्यानंतर लेक सुपीरियरच्या काठाने खराब रस्त्यांवरूनही फिरून आलो. बुश उघडून बघितले, झीज नाही.

घर म्हणून या ट्रेलरला मी पैकीच्या पैकी गुण देईन, चाकांखालच्या सांगाड्याला नापास करेन. घेणार असाल तर टॉर्च घेऊन खाली बघा. बोल्टच्या टोकाला ग्रीसचं निपल नसेल तर पितळी बुश आणि वेट बोल्ट बसवून देण्याची अट खरेदीच्या करारात लिहून घ्या. सही करण्याआधी डीलर तयार होतो, नंतर नाही.

पुढच्या जुलैत आई-बाबा पुन्हा येत आहेत. ट्रेलर ग्लेशियरजवळच्या सेंट मेरीला लावायचा आणि तिथला गोइंग-टू-द-सन रस्ता पिकअपने करायचा असं ठरलं आहे. त्या रस्त्याच्या मधल्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही. आमची पिकअप आरसे मिटवून त्या मापात बसते.