लॅक्टेट थ्रेशोल्ड चाचणी: पैसे मोजून करून घेण्याजोगी आहे का?

पुण्यातील एका क्रीडाविज्ञान केंद्रात लॅक्टेट थ्रेशोल्ड (ज्या वेगानंतर स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट रक्तात साठू लागते ती सीमा) आणि व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते तो आकडा) या दोन्ही चाचण्या एकाच सत्रात करून मिळतात. मॅरेथॉन किंवा अर्धमॅरेथॉनची नेटाने तयारी करणाऱ्याने ती एकदा तरी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अहवालातला कोणता आकडा सरावात उतरवायचा आणि कोणता नुसता मिरवण्याचा, हे केंद्राने समजावून सांगायला हवे, आणि नेमकी तिथेच ही सेवा कमी पडते.

चाचणीची पद्धत चोख आहे. बंद खोलीत समोरून वारा लागत नाही, ती उणीव भरून काढण्यासाठी ट्रेडमिलला 1 टक्का चढ दिला जातो. दर 3 मिनिटांनी वेग ताशी 1 किलोमीटरने वाढतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर काही सेकंद थांबवून कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात. इथल्या तंत्रज्ञाचा हात पाहण्यासारखा होता. पाळी स्पिरिटने पुसून कोरडी करायची, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा आणि पुढचाच थेंब पट्टीला लावायचा, हा क्रम त्याने घाईतही मोडला नाही. घामात लॅक्टेट भरपूर असते. त्याचा अंश रक्तात मिसळला की आकडा उगाच फुगतो, म्हणून ही काळजी फार मोलाची आहे. शेवटी नाकातोंडावर मुखवटा बसवून दम संपेपर्यंत धावायला लावतात आणि शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरते ते मोजतात. दरम्यान भिंतीवरच्या बोर्ग मापनपट्टीवर 6 ते 20 यांपैकी एका आकड्याकडे बोट दाखवून किती कष्ट पडत आहेत हे सांगायचे असते, कारण तोंडाने बोलणे शक्यच नसते.

खरा ऐवज म्हणजे लॅक्टेटचा आलेख. विश्रांतीत रक्तात लिटरमागे साधारण 1 मिलिमोल लॅक्टेट असते. सावकाश धावताना स्नायू ते तयार करतात आणि हृदय व इतर स्नायूतंतू तेच इंधन म्हणून वापरतात, त्यामुळे रेषा बराच वेळ सपाट राहते. एका वेगानंतर मात्र निर्मिती वापराच्या पुढे जाते आणि रेषा झपकन वर चढते. अनेक ठिकाणी डोळे झाकून 4 मिलिमोलवर खूण करतात. तो आकडा सरासरीचा आहे आणि माणसागणिक बराच बदलतो. या केंद्राने प्रत्येकाच्या स्वतःच्या रेषेवरून सीमा काढली, हे त्याचे सर्वांत मोठे श्रेय. 220 मधून वय वजा करून हृदयगतीचे पट्टे आखणाऱ्या मनगटी घड्याळापेक्षा हे मोजमाप कितीतरी विश्वासार्ह आहे, कारण त्या सूत्राचे उत्तर कित्येकांच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी चुकते.

तक्रार आहे ती अहवालासोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. ‘लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे पाय भरून येतात’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ या शास्त्रज्ञांना स्नायूंवरील कामासाठी 1922 चे नोबेल मिळाले, त्या काळापासून ही समजूत मुरली. परंतु आज क्रीडाविज्ञानाच्या केंद्राने ती छापावी हे पटत नाही, कारण थकव्याचे उत्तर इतके सरळ नाही. जोरकस व्यायामात स्नायूंत फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन वाढतात, पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियमचे चक्र मंदावते आणि आकुंचनाची ताकद घटते. मेंदूचाही वाटा असतोच: साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरून ते थुंकून टाकले, तरी तासाभराच्या जोरकस सायकलिंगमधली कामगिरी सुधारते, असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरी मर्यादा चाचणीच्या स्वरूपातच आहे. वातानुकूलित खोलीत, ताज्या पायांनी, तासाभराच्या आत जी सीमा सापडते, ती शर्यतीच्या तिसऱ्या तासाला तिथेच राहील असे नाही. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा (शरीराने साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम भरतो, आणि 30 किलोमीटरनंतर तो तळाला लागला की हृदयाची कितीही तयारी असली तरी वेग टिकत नाही. त्यात मुंबईची दमट हवा असेल तर घाम वाळत नाही, त्वचेकडे जादा रक्त वळवावे लागते आणि त्याच वेगाला हृदयगती हळूहळू चढत जाते. मुंबई मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पेडर रोडचा चढ चढताना जे पाय अडखळतात, त्यांचा अंदाज या आलेखावरून बांधता येत नाही. दोन तास धावल्यानंतर पुन्हा एक टप्पा मोजण्याची सोय केंद्राने केली, तर लांब पल्ल्याच्या धावकांना तिचा फार उपयोग होईल.

नुकतेच धावू लागलेल्यांनी यावर खर्च करू नये. त्यांच्यासाठी ‘धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का’ ही कसोटी पुरेशी आहे. नियमित सराव असलेल्यांनी व्हीओटू मॅक्सच्या आकड्यात न अडकता रेषा वळते त्या वेगाची आणि हृदयगतीची नोंद घ्यावी, सोप्या दिवसाचे धावणे त्याच्या बरेच खाली ठेवावे आणि काही महिन्यांच्या सरावानंतर त्याच यंत्रावर पुन्हा चाचणी करावी. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको आणि जेवण नेहमीचेच असावे, कारण ग्लायकोजेन कमी असताना लॅक्टेटही कमी निघते आणि रेषा फसवी दिसते. छातीत दुखण्याचा किंवा हृदयविकाराचा काही इतिहास असेल, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय ट्रेडमिलवर चढू नये; या केंद्रात ती आधीच मागतात.