सहा इंची पडद्यावरील ‘ड्यून’ आणि हरवलेला उत्तर ध्रुव : खरेदीनंतर आठ महिन्यांनी

ई-रीडर या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर ‘ड्यून’ वाचण्याच्या अनुभवाचा पूर्वार्ध मी जूनमध्ये लिहून ठेवला होता आणि उत्तरार्ध ई-रीडर फुटल्यानंतर लिहिला आहे. दोन्हींतील मते एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत, तरीही पूर्वार्धात मी फेरफार केलेला नाही. यंत्राचे तपशील येथे देत नाही, कारण सहा इंची पडदा आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी या गोष्टी आता सर्वांना ठाऊक आहेत. ‘ड्यून’ ही वाळवंटी ग्रहावरील विज्ञानकादंबरी कशाविषयी आहे हेही चित्रपटांमुळे ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनासुद्धा माहीत झाले आहे.

फेब्रुवारीत, सवलतीच्या दिवसांत, ९,९०० रुपयांना हे यंत्र घेतले. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत तरी उभे राहावे लागते, आणि एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातात विज्ञानकादंबरीचा जाडजूड खंड उघडा ठेवणे हे माझ्या मनगटाला झेपत नव्हते. छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तक सरासरी ३०० रुपयांनी स्वस्त पडते असे धरले, तर ३३ पुस्तके वाचून झाल्यावर यंत्राची किंमत वसूल होणार होती. हा हिशेब मी घरी मांडून दाखवला आणि मगच खरेदीला मान्यता मिळाली.

वाचनाचा मूळ अनुभव उत्तम आहे. डोळे शिणत नाहीत, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि खिडकीतून थेट ऊन आले तरी मजकूर स्पष्ट दिसतो. मुख्य तक्रार एकच आहे, पण ती अशी आहे की तिच्यापुढे हे सर्व गुण मला दुय्यम वाटू लागले. ‘ड्यून’चा नकाशा या यंत्रावर वाचता येत नाही.

नकाशा हे कादंबरीचे अंगडे-टोपडे आहे, नसला तरी चालते, असे म्हणणाऱ्यांनी हा नकाशा नीट पाहिलेला नसावा. फ्रँक हर्बर्ट यांना ही कादंबरी सुचली ती १९५० च्या दशकात ओरेगनमधील फ्लॉरेन्स गावाजवळ सरकत्या वाळूवर गवत लावून ती थोपवण्याचे सरकारी काम पाहून. त्या विषयावरचा लेख त्यांच्या हातून पुरा झाला नाही, पण वाळू डोक्यात राहिली. त्यामुळे अराकिस ग्रहाची भूमी ही या कथेत केवळ पार्श्वभूमी नाही, ती जवळजवळ एक पात्रच आहे. आता अडचण अशी, की नकाशा ग्रहाच्या उत्तर ध्रुवाकडून खाली पाहिल्यासारखा काढला आहे. ध्रुव मध्यभागी आणि प्रदेश त्याच्याभोवती. अशा नकाशात उत्तर दिशा कागदाच्या वरच्या कडेला नसून मध्याकडे असते, आणि म्हणून ‘ईशान्य’ या शब्दाचा रोख प्रत्येक ठिकाणी बदलतो. शेवटी दिलेल्या नकाशाटिपांत कार्थाग हे शहर अराकीन या दुसऱ्या शहराच्या ईशान्येला सुमारे २०० किलोमीटरवर असल्याचे सांगितले आहे. ते शोधायचे तर आधी ध्रुव शोधावा लागतो, तेथून अराकीनपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढावी लागते आणि मग वळावे लागते. सहा इंची पडद्यावर संपूर्ण नकाशा आणला तर नावे मुंगीएवढी दिसतात. मोठा केला तर ध्रुव पडद्याबाहेर जातो आणि वाचक दिशाहीन होतो. चित्र सरकवताना प्रत्येक वेळी पडदा काळा होऊन पुन्हा उमटतो. मुंब्र्याच्या बोगद्यात सुरू केलेला हा उद्योग मी एकदा घाटकोपरला सोडून दिला.

दुसरी तक्रार शब्दसूचीची होती. पुस्तकाच्या शेवटी हर्बर्ट यांनी आपल्या काल्पनिक जगातील शब्दांचा छोटा कोशच जोडला आहे, परंतु यंत्रातील शब्दकोशाला तो माहीत नाही. शब्दावर बोट ठेवले की एक तर काहीच येत नाही किंवा भलताच अर्थ येतो. छापील प्रतीत एक बोट शेवटच्या पानांत अडकवून ठेवले की काम भागते, येथे मात्र जाण्यायेण्याला सहा वेळा पडदा दाबावा लागतो. पहिली शंभर पाने मी अशीच ठेचकाळत वाचली आणि यंत्राला पाचांपैकी दोन गुण द्यायचे ठरवले.

येथे पूर्वार्ध संपतो. शब्दसूचीविषयीचे मत मला लगेचच मागे घ्यावे लागले. साधारण दोनशे पाने झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी शेवटच्या पानांकडे जाणेच सोडून दिले आहे, आणि तरीही काही अडत नाही. हर्बर्ट यांनी बरेचसे शब्द अरबी-फारसीतून उचलले आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्याकडे शतकांपासून नांदत आहेत. फ्रेमेन म्हणजे अराकिसच्या वाळवंटात राहणारे लोक, त्यांच्या वस्तीच्या प्रमुखाला ‘नायब’ म्हणतात. नायब तहसीलदारापुढे दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ‘पादिशाह’ म्हणजे बखरींतला पातशहाच. ‘इल्म’चेही तेच. फसगत एकदाच झाली. ‘कनात’ वाचून मी वाळवंटात मंडपाची कापडी भिंत उभी केली आणि त्यातून पाणी कसे वाहते याचा विचार करत दोन पाने पुढे गेलो. हर्बर्ट यांची कनात हा पाण्याचा उघडा कालवा आहे. खरी कनात मात्र जमिनीखालून वाहते, जशी औरंगाबादची मलिक अंबरने बांधलेली नहर. हा फरक लेखकाने का केला असावा हे मला अद्याप उमगलेले नाही, आणि सूची पाहिली असती तरी उमगले नसते. सूची न पाहता वाचणे हीच या पुस्तकाची योग्य रीत आहे, असे आता माझे मत आहे. फ्रेमेनांची पाण्याची काटकसर, म्हणजे अंगातला घामही पोशाखात गाळून पुन्हा पिण्याची त्यांची शिस्त, ही तर माझ्यासारख्या माणसाला कोणत्याही सूचीविना समजते. तेव्हा गुण दोनाचे साडेतीन केले. नकाशा मात्र माफ केला नाही.

इतर पुस्तकांविषयी थोडक्यात. उर्सुला ले ग्विन यांची १९६९ ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या यंत्रासाठीच लिहिली असावी इतकी त्यावर सुखाने वाचता येते. शेवटी त्या ग्रहाची कालगणना दिली आहे, ती एकदा वाचून सोडून द्यावी. बर्फावरून दोघांनी केलेला प्रवास वाचताना वाशिंदला गाडी रखडल्याचेही मला वाईट वाटले नाही. त्यांचीच ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ मात्र कागदावर घ्यावी. ती बेटांची गोष्ट आहे, बाईंनी नकाशा आधी काढला आणि मग त्यात गोष्ट घातली, आणि उत्तरार्धातील समुद्रप्रवास त्याविना निम्माच कळतो. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एका खंडात घेण्याचा मोह टाळावा. ती तीन खंडांत निघाली याचे एक कारण युद्धोत्तर काळातील कागदाची महागाई हे होते, आणि तिसरा खंड १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत रखडला तो मागील परिशिष्टांपायी. परंतु उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या हातात तीन खंडच मावतात. आपल्याकडील जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ नकाशा, सूची, परिशिष्ट यांपैकी कशाच्याही आधाराविना वाचता येते, आणि नवशिक्या वाचकाला मी तीच प्रथम सुचवतो.

ऑगस्टमध्ये, भर पावसात, कळव्याला दारातून आत लोटल्या गेलेल्या गर्दीत कोणाचे तरी कोपर यंत्रावर बसले. त्या क्षणी मी नकाशाचा मधला भाग मोठा करून पाहत होतो. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात रेषा उमटल्या, खालचा भाग मृत झाला. सेवा केंद्राने बाह्य आघात वॉरंटीत बसत नाही असे कळवले. हे मला मान्य आहे, कोपर हा काही कारखान्यातील दोष नव्हे. मात्र पडदा सुटा बदलून मिळत नाही, नवे यंत्र काही सवलतीत घ्यावे, असे तीन पत्रांना तीनदा त्याच शब्दांत उत्तर आले, आणि तिसऱ्या उत्तरानंतर ‘ग्राहकाचे समाधान झाले’ अशी नोंद करून तक्रार बंद करण्यात आली. तोवर वाचून झाली होती सात पुस्तके. म्हणजे ९,९०० पैकी २,१०० रुपये वसूल.

मग फोर्टातील फुटपाथवरून ‘ड्यून’ची जुनी छापील प्रत १५० रुपयांना घेतली. ही कादंबरी सुमारे वीस प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ मध्ये चिल्टन या प्रकाशनाने काढली, जे मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होते. आकृत्या पानात नीट कशा बसवाव्यात हे त्यांना कळत असेलही, परंतु माझी प्रत पुढे कोणी तरी दुसऱ्याने छापलेली आहे, आणि तिच्यात नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरला असून ध्रुव नेमका मधल्या शिवणीत गेला आहे. पुस्तक पूर्ण उघडले तर पाने सुटू लागतात. दहा रुपये देऊन मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली, तर मध्यभागी दोन बोटे रुंद काळा पट्टा आला.

ई-शाईच्या पडद्याला चित्र टिकवून ठेवायला वीज लागत नाही. काळे-पांढरे विद्युतभारित कण जेथे सरकले तेथेच राहतात. माझ्या फुटलेल्या यंत्राचा खालचा अर्धा भाग गेले दोन महिने ऑगस्टमधल्या त्या क्षणाचेच चित्र धरून बसला आहे, आणि त्यात पोलर सिंक, म्हणजे ध्रुवावरचा खोलगट भाग, व त्याभोवतीची नावे ठळक आहेत. गेल्या रविवारी भिंग घेऊन बसलो, झेरॉक्समधील काळ्या पट्ट्यावर पांढरा कागद चिकटवला आणि पडद्यावरून तेवढा भाग पेन्सिलीने उतरवून घेतला. कार्थाग आता अराकीनच्या ईशान्येला आहे.